हुकूम पोहोचेपर्यंत

थायलसिन. पाठीवर पट्टे, म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला टास्मानियाचा वाघ म्हटलं. खरं तर हा कांगारूसारखा पिशवीत पिल्लं वाढवणारा प्राणी. मेंढ्या मारतो या आरोपावरून १८८८ ते १९०९ या काळात सरकारने मोठ्या थायलसिनमागे एक पौंड इनाम दिलं. अशी २१८४ इनामं वाटली गेली. संरक्षणाचा हुकूम निघाला १० जुलै १९३६ रोजी. होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातला शेवटचा थायलसिन मेला ७ सप्टेंबरला.

लहान बिल्बी, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, हीसुद्धा पिशवीवाली. १९६७ मध्ये एका गरुडाच्या घरट्याखाली तिची कवटी मिळाली, तोवर ती जिवंत दिसून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. डुकरासारखे पुढचे पाय असलेला तिथलाच पिशवीवाला बॅंडिकूटही गेला. बाहेरून आणलेल्या मांजरांनी आणि कोल्ह्यांनी ही माळरानं साफ केली. वाळवंटातल्या आदिवासी म्हाताऱ्यांना मात्र हे दोन्ही प्राणी नीट आठवत होते.

जठरात पिल्लं वाढवणारा बेडूक. क्वीन्सलँडच्या डोंगरओढ्यांतला, शास्त्रात त्याची नोंद झाली १९७३ मध्ये. मादी फलित अंडी गिळायची. जठरातलं आम्ल थांबायचं आणि सहा-सात आठवडे तेच जठर गर्भाशयाचं काम करायचं. तोवर ती काही खायची नाही. पिल्लं वाढायची तशी तिची फुप्फुसं दबायची, मग श्वास कातडीतूनच. शेवटी ती आ वासायची आणि तोंडातून चार पायांचं अख्खं पिल्लू बाहेर. आम्ल बंद कसं होतं, हे पुरतं कळलं असतं तर माणसाच्या अल्सरवरही त्याचा उपयोग झाला असता. रानात तो १९८१ नंतर दिसला नाही, पाळलेला शेवटचा १९८३ मध्ये गेला. उत्तरेला यंगेलाच्या डोंगरात त्याची दुसरी जात १९८४ मध्ये सापडली, तीही पुढच्या वर्षानंतर दिसली नाही. संशय कायट्रिड बुरशीवर आहे. इतकं अपूर्व शरीर पृथ्वीवर पुन्हा घडणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ख्रिसमस बेटावरची पाकोळी, म्हणजे इवलंसं वटवाघूळ, वजन तीन-चार ग्रॅम. ती कमी होत चालल्याचं अभ्यासक वर्षानुवर्षं मोजत होते. उरलेल्या पकडून पैदास करा, असा सल्ला २००९ च्या सुरुवातीला दिला गेला. परवानगी आली जुलैत. ऑगस्टमध्ये माणसं जाळी घेऊन पोहोचली तेव्हा एकच पाकोळी उडत होती, आणि ती जाळ्यात आली नाही. २६ ऑगस्टच्या रात्री यंत्रावर तिचा आवाज नोंदला गेला. पुढच्या रात्रींच्या नोंदी कोऱ्या आहेत. या उशिराला मी निष्काळजीपणाच म्हणेन.

टोरेस सामुद्रधुनीतल्या ब्रॅम्बल के या इवल्याशा बेटावरचा मेलोमिस उंदीर. त्याला वाचवायची योजना २००८ मध्ये कागदावर आली. समुद्र बेटावर चढत राहिला, झाडोरा गेला, आणि २०१४ मध्ये शोधूनही एकही उंदीर मिळाला नाही.

लॉर्ड हाऊ बेटावरचा काडीकिडा. १९१८ मध्ये किनाऱ्यावर रुतलेल्या जहाजातून उतरलेल्या उंदरांनी तो संपवला, असं सगळे धरून चालले होते. २००१ मध्ये जवळच्या बॉल्स पिरॅमिड या सुळक्यावर, एका झुडपाखाली, तो सापडला. दोन जोड्या आणायची परवानगी मिळायला २००३ उजाडलं. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयातली मादी मरायला टेकली, तेव्हा तिला थेंबाथेंबाने कॅल्शियम आणि साखर पाजून जगवलं. तिच्या वंशातून हजारो किडे जन्मले. लॉर्ड हाऊवरचे उंदीर मारायची मोहीम झाली २०१९ मध्ये.