सासनकाठीची सावली

चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या पाहतांना मला शाळेंतील त्रिकोणमिति आठवते. उभ्या काठीची सावली तिच्याच उंचीएवढी दिवसांतून दोनदां होते: सकाळीं पश्चिमेकडे, दुपारीं पूर्वेकडे. वेळेवरून सावली काढावी तर उत्तर एक; नुसत्या लांबीवरून वेळ काढावी तर दोन. ज्या अर्धी असतां कोन ३० अंशांचाहि असतो आणि १५० अंशांचाहि, तें याच न्यायानें. व्यस्त फलासाठीं गणिती उणे ९० ते ९० अंशांची मर्यादा घालून ३० तेवढे ठेवतात. ती सोय झाली. ११५० सालीं सिद्धान्तशिरोमणि रचणाऱ्या भास्कराचार्यांच्या परंपरेंतील ज्योतिषी छायेवरून दिवस किती गेला अथवा किती उरला, तें काढीत. समीकरण सोडविणाऱ्या मुलास पहिल्या उत्तरावरच थांबावयास शिकविणें म्हणजे त्याची दुपार काढून घेणें होय.