कपोत म्हणजे कोणता?

एकनाथी भागवत मी बारा-तेरा वर्षे शिकवीत आले आहे. १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण झालेल्या या ग्रंथाविषयी वर्गात सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्यामुळे सातव्या अध्यायातील कपोताच्या कथेला तास संपता संपता जेमतेम दहा मिनिटे मिळत. अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी कपोत आठवा. रानात झाडावर घरटे करून राहिलेले एक जोडपे, त्यांची पिले, पारधी, जाळे आणि पिलांच्या मोहाने आपण होऊन जाळ्यात पडलेले आईबाप. "कपोत म्हणजे कबुतर," असे सांगून मी आसक्तीच्या विवेचनाकडे वळत असे.

काही वर्षांपूर्वी मेंढपाळाच्या घरातला एक विद्यार्थी शेवटच्या बाकावरून उठला. "मॅडम, कबुतर म्हंजी पारवाच ना? मग पारवा झाडावर घरटं कुठं करतो? आमच्या हिरीत कपारीला असत्यात त्यांची घरटी. झाडावर होला करतो."

वर्ग हसला. मीही हसले आणि "काव्यात असे चालते," असे काहीतरी बोलून पुस्तक मिटले. ते उत्तर खोटे होते हे मला तेव्हाच कळले होते. संस्कृत भागवतातही ते घरटे अरण्यात, झाडावरच आहे. कवीने पक्षी नीट पाहिला होता; पाहिला नव्हता तो मी. 'कपोत' या शब्दात पारवा आणि होला दोन्ही मावतात, हे कोशात मिळाले असते. पण कोणता कुठे राहतो हे कोश सांगत नाही.

त्यानंतर मी दुर्बीण घेतली. चाळिशीत लागलेले वेड जरा हास्यास्पद असते, हे मान्य. पण होल्यांनी मला वाचायला नव्याने शिकवले, असे म्हटले तर फार मोठे विधान होणार नाही. ठिपकेवाला होला सोपा : मानेमागे काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या ठिपक्यांची बुट्टी. छोट्या तपकिरी होल्याचे ठिपके मानेमागे नसतात, गळ्याखाली छातीवर असतात. पंखाच्या कडेला निळसर राखाडी रंग. इथवर कोणीही येतो. पंचाईत होते ती गळपट्टीवाल्यांपाशी. फिकट राखी अंगाच्या मोठ्या होल्याच्या मानेमागे काळी अर्धी गळपट्टी असते, आणि तशीच ती लाल होल्यालाही असते. लाल होल्याचा नर विटकरी अंगाचा आणि राखाडी डोक्याचा असल्याने चुकत नाही. मादी मात्र मळकट तपकिरी. दुरून ती मोठ्या होल्याचे पिलूच वाटावी. तेव्हा शेपटीच्या खालचा भाग पाहायचा : लाल होल्याचा पांढरा, मोठ्याचा राखाडी. हे समजायला मला दोन हिवाळे लागले. तोवर माझ्या वहीत लाल होल्याची एकही मादी नव्हती. जणू ती जात नरांचीच होती.

गेल्या जानेवारीत सुप्याजवळच्या माळावर, कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात होल्यांचा मोठा थवा उतरला होता. बरोबर तोच विद्यार्थी होता. आता तो स्वतः एका शाळेत शिकवतो. थव्यात एक पक्षी वेगळा : इतरांहून थोराड, गडद, पाठीवरची पिसे काळपट, पण तांबूस कडांची, त्यामुळे अंगावर खवले असल्यासारखे दिसत होते. गळपट्टी नव्हती. मानेच्या दोन्ही बाजूंना काळ्या आणि निळसर राखाडी रेघांचा छोटा चौकोन होता. इंग्रजीत ज्याला ओरिएंटल टर्टल डव्ह म्हणतात तो हा. (या टर्टलचा कासवाशी संबंध नाही, लॅटिन 'टर्टर' हे त्याच्या घुमण्यावरूनच आलेले नाव आहे.) हा मुळात झाडीतला, डोंगराकडचा. उघड्या माळावर तो मी कधी पाहिला नव्हता.

प्रश्न पुढचा होता. दक्षिणेतल्या डोंगरांत राहणाऱ्याच्या शेपटीचे टोक राखाडी असते. उत्तरेकडून हिवाळ्यात येणाऱ्याचे पांढरे असते, पोटही पांढुरके असते. थवा उडाला, शेपटी क्षणभर पंख्यासारखी उघडली आणि मला पांढरे दिसले. "पाहुणा!" मी ओरडले. घरी पोचण्यापूर्वी पक्षिमित्रांना कळवूनही टाकले. अभिनंदने आली, आणि ती मला फार आवडली, हेही लिहिले पाहिजे.

रात्री त्याचा फोन आला. "मॅडम, रागावणार नाही ना? माझ्या फोटोत टोक राखाडी वाटतंय. ऊन समोरून होतं, त्यामुळं तुम्हाला चकाकलेलं दिसलं असेल."

"आणि पोट?"

"पोट दिसतच नाही फोटोत. मला बी सांगता येईना."

फोटो मी कितीतरी वेळ पाहिला. एकात टोक राखाडी, पुढच्यात जवळजवळ पांढरे. हस्तलिखितांतल्या पाठभेदांवर मी वर्गात किती अधिकाराने बोलते! लेखनिकाला जे अपेक्षित असते तेच तो वाचतो, हे तर माझे आवडते वाक्य. मला पाहुणा हवा होता. वर्गातल्या त्या दिवशीही मला तास वेळेवर संपायला हवा होता.

सकाळी मी सगळ्यांना पुन्हा कळवले : जात निश्चित, पोटजात सांगता येत नाही. अभिनंदन करणाऱ्यांपैकी दोघांनीच उत्तर दिले. त्याला फोन करून वर्गातल्या त्या जुन्या उत्तराबद्दलही बोलले. त्याला तो प्रसंग आठवतही नव्हता. "पण होलाच असणार, मॅडम," तो म्हणाला. "काड्या इतक्या विरळ रचतो की खालून अंडी दिसत्यात. पारध्याला सोपंच की!"

कपोतकथेला मी आता पूर्ण तास देते. होला म्हणून सांगते. कोणता होला, असे विचारले तर ठिपकेवाला असू शकेल, तपकिरी असू शकेल, एवढेच सांगते. सुप्याची ती नोंद वहीत अजून पेन्सिलीने आहे. येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी ऊन पाठीशी घेऊन उभे राहायचे, असे त्याने बजावले आहे.