दोघांचा एकच पत्ता

मागच्या उन्हाळ्यात मुरबाडला मामेभावाच्या पोल्ट्रीत, दोन शेडमध्ये, तापमान मोजणारे दोन बोर्ड बसवले. आमच्या शहापूरच्या घरी एकेक तपासले होते, दोन्ही झकास. तिथे मात्र एक दिसला की दुसरा गायब! वायर सैल असेल, उद्या बघू, म्हणून मी घरी परतलो. दुसऱ्या दुपारी एका शेडचे पंखे बंद पडले. इशारा आलाच नाही. वीसेक कोंबड्या गेल्या.

वायर ठीक होती. चूक माझीच. दोन्ही बोर्डांत एकच प्रोग्राम भरलेला, त्यातला मॅक ॲड्रेसही तोच. हा पत्ता ४८ बिटांचा. सहसा पहिले २४ आयईईई कंपनीला नेमून देते, उरलेल्या २४ मधून कंपनीने प्रत्येक नगाला वेगळा आकडा द्यायचा. म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते. आणि मला दोन वेगळे देता आले नाहीत! एकाच घर नंबरची दोन घरं असली तर पोस्टमन तरी काय करणार? स्विचचं तेच झालं.

आता कारखान्यातूनच वेगळा पत्ता भरून आलेली छोटी ईईप्रॉम चिप प्रत्येक बोर्डावर लावतो. आणि तपासताना सगळे बोर्ड एकत्र जोडतो.

भाऊ रागावला नाही. "जेवून जा रे," एवढंच म्हणाला. तेच जास्त लागलं.