पुन्हा सुरू होताना

थांबणे सोपे असते. अवघड असते ते पुन्हा सुरू होणे. आमच्या वऱ्हाडात हे तत्त्वज्ञान कुणाला ग्रंथ वाचून शिकावे लागत नाही. ते कूलर शिकवतो. होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली येतो, जाळीत नवा वाळा भरला जातो, टाकीत पाणी पडते, बटण दाबले जाते; आणि मोटर नुसती हुं हुं करीत बसते. मग घरातला एखादा जाणता माणूस लांब काडीने पात्याला हळूच ढकलतो आणि पाते भिरभिरू लागते. गेल्या उन्हाळ्यात हीच मोटर अहोरात्र चालली होती. बिघाड तेव्हाही असेल. पण चालत्या यंत्राचा बिघाड त्याच्या गतीत लपून जातो. आठनऊ महिन्यांच्या विश्रांतीने तो उघडा पडतो.

कॉम्प्युटर हा या कूलरचाच शिकलासवरलेला भाऊ. मी मराठीचा प्राध्यापक; विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण एवढे मला आता ठाऊक झाले आहे की भिंतीतून येणारी 230 व्होल्टची वीज या यंत्राला जशीच्या तशी पचत नाही. त्याच्या पाठीमागे एक लोखंडी पेटी असते, तिला एसएमपीएस म्हणतात. ती ही 230 ची नोट मोडून 12, 5 आणि 3.3 व्होल्टची चिल्लर देते. त्या पेटीत बोटाच्या पेरांएवढी नळकांडी असतात, कपॅसिटर. वीज क्षणभर साठवायची आणि लागेल तशी सोडायची, हे त्यांचे काम; घरातल्या रांजणासारखे. उष्णतेने ही नळकांडी आतून सुकत जातात. उष्णता 10 अंशांनी वाढली की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते असे जाणकार सांगतात. आणि अकोल्याचा पारा तर मे महिन्यात 45 च्या पुढे जातो! सुकलेला कपॅसिटर चालू यंत्राला कशीबशी साथ देतो, पण थंड झालेल्या यंत्राला उठवणे त्याला झेपत नाही. म्हणून वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेला कॉम्प्युटर एकदा पुरता बंद झाला की उठत नाही, आणि आपण म्हणतो, “काल तर चांगला होता!”

त्यात समोरच्या बटणाची गंमत निराळीच. 1995 साली एटीएक्स नावाची रचना आली, तेव्हापासून हे बटण वीज जोडीतही नाही आणि तोडीतही नाही. ते नुसता अर्ज करते. आत 5 व्होल्टचा एक पहारेकरी रात्रंदिवस जागा असतो. तो अर्ज पुढे सरकवतो, मग पेटी कामाला लागते. पहारेकरीच आडवा झाला तर अर्ज कितीही करा. कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

ही सगळी विद्या मला अकोल्याला मिळाली. तेथे माझे थोरले बंधू राहतात. त्यांचा छापखाना होता. खिळे गेले, ट्रेडल गेले, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आला आणि दादा लग्नपत्रिका त्यावर जुळवू लागले. दुपारी काम नसले म्हणजे वहिनी जात्यावरच्या ओव्या सांगत आणि दादा त्या टंकित करीत. असे करता करता सहाशेवर ओव्या झाल्या. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी वहिनी गेल्या. दादांनी यंत्राची वायर काढून गुंडाळून ठेवली. चार महिने ती तशीच होती. मग होळीच्या सुमारास एका रात्री त्यांचा अमरावतीला फोन आला, “अरे, मशीन उठत नाही.”

खरे सांगतो, मला ही बातमी वाईट वाटली नाही. चार महिन्यांनी त्यांनी बटणाला हात तरी लावला होता.

रविवारी सकाळीच निघालो. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा पाच दिवसांच्या आत घालून जागतिक विक्रम झाला, त्याच रस्त्याने बस चालली होती. तरी मला ती सावकाश वाटत होती. ओव्या गेल्या असतील तर? मनात रिद्धपूर आले. ते आमच्याच जिल्ह्यातले. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तेथे लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गहाळ झाली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा लिहिली गेली, असे परंपरा सांगते. पण वहिनींच्या ओव्या मुखोद्गत होत्या त्या वहिनींनाच. शिवाय दादांनी त्या टंकिल्या जुन्या फॉन्टात. दुसऱ्या यंत्रावर उघडल्या तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. महानुभावांच्या सकळ लिपीसारखे. किल्ली असेल त्यालाच वाचता यायचे.

माझा एक जुना विद्यार्थी अकोल्यातच दुरुस्तीचे दुकान चालवतो. मराठीत तो जेमतेम पास झाला होता. त्याने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाला, “कायले घाबरता सर? हार्ड डिस्क अलग रायते. मशीन मेलं तरी ओव्या जित्त्या हायेत. आधी बाहेरून पाहू, मंग आतून. एका वक्ताले एकच गोष्ट बदलाची. दोन बदलल्या तं कोनती बिघडली होती थे समजत नाई.”

संशोधनाची पद्धत इतक्या थोडक्यात मी कुठल्याही वर्गात सांगितलेली नाही.

मॉनिटरचा दिवा लागत होता, म्हणून दादांना वाटले होते की वीज पोचते आहे. पण मॉनिटरची वायर वेगळी, पेटीची वेगळी. त्याने पेटीच्या सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहिला. लागला. पाठीमागचा छोटा खटका चालू होता. मग वायर काढून त्याने समोरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले. आत अडकून राहिलेली वीज अशाने निघून जाते आणि पुष्कळदा एवढ्यानेच यंत्र उठते. आमचे उठले नाही. तेव्हा त्याने झाकण काढले. आत पंख्यावर धूळ आणि कापसाचे तंतू यांची गादीच बसली होती. घराजवळ जिनिंग आहे ना! ती ब्रशने झाडली. एसएमपीएसचा 24 पिनांचा जोड सोडवून, वायर पुन्हा लावून, त्याने जोडातली हिरवी तार तारेच्या तुकड्याने काळीशी जोडली. ही युक्ती म्हणजे बटणाला वगळून पेटीकडे थेट अर्ज. पेटीचा पंखा एकदा दचकला आणि थांबला.

“पेटी गेली सर. बोर्ड वाचला असन.” ती पेटी मात्र त्याने उघडली नाही. वायर काढल्यावरही तिच्यात झटका देण्याइतकी वीज उरते म्हणे.

नवी पेटी बसली, पंखा फिरला. पण पडदा काळाच, आणि आतून नुसती बीप बीप. “सर, खोडरबर हाये का?” त्या दिवशी माझ्या पेशाचा झालेला उपयोग तेवढाच. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात त्याने रबराने घासले, पट्टी पुन्हा खोचली आणि पडदा उजळला.

त्यावर तारीख होती 1 जानेवारी 2009.

यंत्राचे घड्याळ एका नाण्याएवढ्या 3 व्होल्टच्या सेलवर चालते. वायर लावलेली असली तर सेलवर भार पडत नाही. चार महिने वायर काढलेली, सेल आधीच जुना, तो संपला. घड्याळ जन्मतारखेला जाऊन बसले.

दादा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. “2009,” ते म्हणाले, “तेव्हा ही होती.”

कुणी काही बोलले नाही. माझा विद्यार्थी नवा सेल हातात धरून उभा होता. त्यानेही घाई केली नाही. थोड्या वेळाने दादाच म्हणाले, “बसव बाबा तो.” सेल बसल्यावर त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि दिवस, महिना, वर्ष अशी आजची तारीख स्वतःच्या हाताने घातली. मग ओव्यांची फाईल उघडली. सगळ्या होत्या.

चाललेल्या माणसाचे आपण कौतुक करतो, थांबलेल्याला उपदेश करतो. थांबलेल्याला उपदेशाचा फारसा उपयोग नसतो. त्याची वीज कुठे अडली आहे ते बाहेरून आत, एकेक करून, न चिडता पाहणारे कुणीतरी त्याला हवे असते. आणि मेले म्हणून टाकून देण्याआधी रबर फिरवून पाहावे.

परवा दादांचे पाकीट आले. आत छापलेला एकच कागद होता, ओवी क्रमांक 613. ओवी वहिनींची नव्हे. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, “सांगणार, शेजारच्या आजी. अजून पुष्कळ येतात म्हणतात.”