फास्टर फेणे शहाडला उतरला

सहामाहीचा निकाल हातात आला आणि मुलीचे गणिताचे गुण पाहून माझं डोकं फिरलं. दहावीचं वर्ष! तिचं दप्तर उपसलं, तर तळाशी दोनशे पानी वही सापडली. वर ‘गणित २’ लिहिलेलं, आत मात्र एकही गणित नाही. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘फास्टर फेणे शहाडला उतरला’.

मी वही कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. मुलगी रडली नाही, भांडलीही नाही. फक्त बोलायची थांबली. जेवायला हाक मारली की यायची, फजरला उठवलं की उठायची, पण तोंडातून शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर अब्बांनी मला जवळ बोलावलं. अब्बा म्हणजे माझे वडील. अम्मी गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. नजर अधू झाल्यामुळे त्यांना आता वाचता येत नाही. म्हणाले, “पोरगी मला गोष्ट का वाचून दाखवत नाही हल्ली? फेणे पुलाखाली अडकून पडलाय तीन दिवस.”

म्हणजे नाना-नातीचं हे सगळं माझ्या पाठीमागे चाललं होतं! मी चिडून म्हटलं, “अब्बा, दुसऱ्याचं पात्र घेऊन लिहायचं, ही नक्कलच ना? त्यात तिचं स्वतःचं काय?”

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

अब्बांचं लहानपण भिवंडीतलं. त्या काळी मोहल्ल्यात उर्दू जासूसी कादंबऱ्या भाड्याने मिळायच्या. सगळ्यांची उडी इब्ने सफींच्या पुस्तकांवर. अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावी १९२८ साली जन्मलेला हा लेखक पुढे कराचीला गेला, पण त्याच्या कादंबऱ्या इकडे अलाहाबादहून छापून येत राहिल्या. १९५५ पासून त्यांनी इमरान सीरिज सुरू केली. हा इमरान सगळ्यांसमोर वेड्यासारखा वागतो, काहीही बरळतो. खरं तर तोच गुप्त खात्याचा प्रमुख, ‘एक्स टू’. पण घरी कुणाला पत्ता नाही. वडील मोठे अधिकारी, त्यांच्या लेखी मुलगा वाया गेलेला. त्यांनी त्याला घराबाहेर काढलेलं.

१९६० च्या सुमारास इब्ने सफी आजारी पडले आणि जवळजवळ तीन वर्षं नवी कादंबरी आली नाही. वाचक कासावीस झाले. मग काही जणांनी त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन इमरानच्या कादंबऱ्या छापायला सुरुवात केली.

“दोन पानांत कळायचं, हा आपला इमरान नाही,” अब्बा म्हणाले. “विनोद तेच, मारामारी तीच. पण ज्या मुलाला बापाने घराबाहेर काढलंय, तो हसतो तेव्हा त्याच्या आत काय होत असेल, हे त्या लोकांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं.”

पंधरा वर्षांच्या अब्बांनी मग स्वतःच इमरान लिहायला घेतला. शाळेत ते अडखळत बोलायचे, म्हणून घरी सगळे त्यांना मंद समजायचे. त्यांच्या गोष्टीत शेवटी वडिलांना खरं कळतं, ते इमरानला घरी बोलावतात आणि बाप-लेक एका दस्तरखानावर जेवायला बसतात. तिथपर्यंत गोष्ट पोहोचलीच नाही. आजोबांनी वही पाहिली आणि पाणी तापवायच्या बंबात घातली.

१९६३ साली ‘डेढ मतवाले’ घेऊन इब्ने सफी परतले. अब्बांनी ती कादंबरी आनंदाने वाचली. स्वतः मात्र पुन्हा कधी लिहिलं नाही. पुढे शहाडला रेयॉनच्या कारखान्यात लागले आणि हिशेबाच्या वह्यांखेरीज कुठली वही त्यांच्या हातात मी पाहिली नाही.

त्या रात्री मी कपाट उघडलं आणि मुलीची वही वाचायला बसले.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, किडकिडीत, सायकलवर भन्नाट सुटणारा, ‘ट्टॉक’ करणारा. १८६४ साली स्थापन झालेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून मीच ती पुस्तकं मुलीला आणून दिली होती.

तिच्या गोष्टीत फेणे कसाऱ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये चुकून बसतो आणि कल्याणनंतर पहिल्याच स्टेशनवर, शहाडला उतरतो. पाऊस पडतोय, उल्हास नदीला पूर आलाय, परतीच्या गाड्या बंद. एका मुलीची ओळख होते. ती त्याला घरी घेऊन येते. दार मुलीचे अब्बू उघडतात. रात्रपाळी संपवून ते नुकतेच घरी आलेत. फेणेला टॉवेल देतात आणि स्वतः चहा ठेवतात.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. माझे मिस्टर अकरा वर्षं कुवेतला आहेत. दोन वर्षांतून एकदा येतात. आमच्या घरी रात्री दार उघडायला ते नसतात.

सकाळी वही मुलीच्या हातात दिली आणि विचारलं, “इतकी पुस्तकं वाचतेस, मग फेणेच का?”

ती म्हणाली, “तो प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला. शहाडला कधी आला नाही. आपल्यासारख्या घरी जेवला नाही. म्हणून मीच आणला.” आणि हळूच म्हणाली, “याला फॅन फिक्शन म्हणतात अम्मी. खूप जण लिहितात.”

नकलेबद्दलचा माझा आक्षेप मग मीच तपासून पाहिला. भागवत २००१ साली गेले. २०१७ साली ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला, त्यात बनेश तरुण झालाय, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलाय आणि खुद्द भागवतच त्यात एक पात्र बनून त्याला भेटतात. ज्यांनी तो लिहिला, त्यांनीही माझ्या मुलीसारखंच केलं. लेखक थांबला, त्यांची माया थांबली नाही. दुसऱ्याच्या नावाचा आभास करून पुस्तक विकणं ही फसवणूक. पण आवडत्या माणसाला आपल्या घरी बोलावणं वेगळं. जिथे आपलं काही दुखत असतं, तिथेच आपण त्याला बसायला जागा करतो.

माझ्या नणंदेने शंका काढली, “मनाने रचून लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नाही का?” मी म्हटलं, “गोष्ट आहे असं सांगूनच लिहिलेली गोष्ट खोटी कशी? हां, पैगंबरांबद्दल, सहाबांबद्दल आपल्या मनाने काही जोडायचं नाही, हे तिला पक्कं सांगितलंय. फेणेबद्दल ती हद्द नाही.”

आता घरात करार झालाय. असरनंतर दीड तास गणित, मी समोर बसणार. मग अर्धा तास वही. पुलाखालून फेणेची सुटका झाली आहे. मुलीच्या मागच्या पानांवर हल्ली दुसरीही एक गोष्ट उतरतेय. अब्बा सांगतात उर्दूत, ती लिहिते मराठीत. इमरान घराच्या जिन्यापर्यंत आलाय. दारावर टकटक करायची की नाही, यावर नाना-नातीचं एकमत होत नाही.

गेल्या जुम्म्याला मिस्टरांचा फोन आला. मी मुलीला म्हटलं, “ते चहाचं प्रकरण अब्बूंना वाचून दाखव.” तिने वाचलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, लाइन तुटली.

मग त्यांनी घसा खाकरून विचारलं, “चहात आलं घातलं होतं का मी?”

“पुढच्या प्रकरणात घालते,” मुलगी म्हणाली.