जिन्नांची कादंबरी आणि सोळा पानांचा फर्मा

‘पुस्तक कोणत्या प्रकाशनाचे?’ असे विचारणाऱ्यांना ‘माझेच’ म्हणून सांगितले की त्यांचा चेहरा जरा पडतो. स्वतः छापले म्हणजे कोणी घेतले नसणार, असा लोकांचा हिशेब. माझ्या बाबतीत तो अर्धा खरा आहे. एका प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवले. दुसऱ्याने स्वीकारले, पण ६५,००० रुपये मागितले, शिवाय २०० प्रती मीच विकत घ्याव्यात अशी अट घातली. पैसे माझे, विक्री माझी, मग प्रकाशक नेमके काय करणार, हे काही त्या पत्रात नव्हते.

कादंबरी मराठीत आहे. मी शिकवते उर्दू आणि मराठी दोन्ही, पण आमच्या गल्लीतली निम्मी मुले आता मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेत जातात, माझी मुलगीही. तिच्यासाठीच ही गोष्ट सुरू झाली. बारा वर्षांची झैनब, समुद्रातला एक किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याखाली राहणारी जिन्नांची वस्ती.

घरात पहिला आक्षेप धाकट्या दिरांचा. “भाभी, तुम्ही मुलांना दीनही शिकवता आणि जादूटोणाही लिहिता?” आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जादू शिकणे-शिकवणे आपल्याकडे हराम आहे, यात वाद नाही. पण जिन्न ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नव्हे. कुरआनात सूरह जिन्न आहे, त्यात जिन्नांचा एक गट कुरआन ऐकून ईमान आणतो. हजरत सुलैमान (अ.स.) यांच्यासाठी काम करणाऱ्या जिन्नांचा उल्लेख आहे. माझ्या गोष्टीत कोणी मंत्र शिकत नाही. जिन्नांमध्येही भले-बुरे असतात आणि त्यांनाही जाब द्यायचा आहे, एवढेच आहे.

तरी मी हस्तलिखित मौलानासाहेबांकडे दिले. त्यांना मराठी सावकाश वाचता येते, म्हणून त्यांच्या मुलीने रोज इशानंतर थोडे थोडे वाचून दाखवले. त्यांनी दोन जागा काढल्या. एका प्रसंगात झैनब संकटात जिन्नाला हाक मारते. तिथे आधी तिने अल्लाहकडे दुआ करावी, असे ते म्हणाले. ते मला पटले आणि प्रसंगही त्याने चांगला झाला. दुसरी जागा म्हणजे झैनब रात्री एकटी होडी घेऊन जाते ती. ती मी तशीच ठेवली. मुलीने होडी वल्हवली नाही तर कादंबरी किनाऱ्यावरच राहते.

आणि असल्या अद्भुत गोष्टी परक्यांच्या, असे म्हणणाऱ्यांना लखनौची आठवण द्यावीशी वाटते. मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने एकोणिसाव्या शतकात छापायला घेतलेल्या दास्तान-ए-अमीर हमजाचे ४६ खंड झाले, तिलिस्म-ए-होशरुबा त्यातलीच. आपले पणजोबा ती वाचतही होते आणि नमाजही पढत होते.

आता पैशाचे. भिशीचे ३२,००० रुपये हाती आले होते आणि मागच्या पडवीचे पत्रे बदलायचे होते. व्याजाचे कर्ज घ्यायचे नव्हते. आमचे हे दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारातून ताडपत्री घेऊन आले.

आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था तो देते आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापल्यापासून तीस दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते; मीही पाठवल्या.

खरा छळ झाला तो अक्षरांचा. मी युनिकोडमध्ये टाइप केले होते, छापखान्याला हवी होती श्रीलिपी. फाइल बदलताना ‘पाऱ्या’, ‘वाऱ्या’ सगळे मोडले. संपूर्ण पुस्तकाचे प्रूफ तीनदा वाचले. शिवाय फर्मा सोळा पानांचा. पुस्तक भरले १८१ पानांचे, म्हणजे अकरा फर्म्यांवर पाच पाने जास्त. त्या पाच पानांसाठी बारावा फर्मा कोण लावणार? वादळाचे वर्णन कापून १७६ वर आणले. ३०० प्रती काढल्या, किंमत १८० रुपये.

दुकानदार मोठे कमिशन मागतात आणि उरलेले पैसे विक्रीनंतर देतात, म्हणून मी शाळांकडे वळले. अमेरिकेत ख्रिस्तोफर पाओलिनी नावाच्या मुलाची ‘एरागॉन’ कादंबरी २००२ मध्ये त्याच्या घरच्यांनीच छापली होती. जुन्या काळचा पोशाख घालून तो शंभराहून अधिक शाळा-ग्रंथालयांत फिरला. पुढच्या वर्षी मोठ्या प्रकाशकाने तीच कादंबरी काढली. पोशाख मला जमणार नव्हता. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन वीस मिनिटांत एक प्रकरण वाचायचे, अर्धवट जागी थांबायचे आणि मागणीचा कागद पालकांसाठी ठेवून यायचे, एवढे केले. स्वतःच्या शाळेत मात्र एकही प्रत विकली नाही. गुण देणाऱ्या हाताने पुस्तक पुढे केले तर मूल नाही कसे म्हणेल? तिथल्या ग्रंथालयाला तीन प्रती भेट दिल्या.

किंडलवरही पुस्तक चढवले. तिथे मराठी चालते. भावाच्या मुलांनी न वाचताच पाच-पाच तारे द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटले. न पाहिलेल्या गोष्टीची ती साक्षच झाली.

एका मराठी शाळेत वाचन संपल्यावर सातवीतली एक मुलगी जवळ आली. म्हणाली, “मॅडम, झैनबच्या घरी अम्मी म्हणतात. पुस्तकात तसं चालतं?” मी म्हटले, “चालतं, बघ छापलंय.” तिने त्या शब्दावर बोट ठेवून पाहिले. तिच्या शेजारची सायली विचारत होती की जिन्नांना पोहता येते का.

आजपर्यंत २१४ प्रती विकल्या, २२ भेट गेल्या, ६४ कपाटावर आहेत. छपाईचा खर्च निघून थोडे उरले. दुसऱ्या भागाची नव्वद पाने लिहून झाली आहेत. पडवीचे पत्रे मात्र या मे महिन्यात आधी बसतील, असे घरात ठरले आहे.