पाण्याचं प्रगतिपुस्तक

जुन्नरहून नाणेघाटाकडे निघालात की माणिकडोह धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. ही कुकडी. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. जुनं आंबेगाव त्याच्याच पोटात गेलं. उन्हाळ्यात धरणांचं पाणी मागे सरतं, काठाला पाणथळ उरते आणि बगळे आमच्या आधी हजर असतात!

आमची मुलं तिथे पाणी तपासायला जातात. पहिला प्रश्न ठरलेला : "बाई, पाणी तर नितळ आहे, तपासायचं काय?"

बघा हं. जुन्या ताटलीवर काळे-पांढरे चार भाग रंगवा, खाली दगड बांधा, दोरीला वीतवीत अंतरावर गाठी मारा. पाण्यात सोडा आणि ताटली दिसेनाशी झाली की गाठी मोजा. इटलीच्या आंजेलो सेकींनी १८६५ साली समुद्रात अशीच, पण पांढरी तबकडी सोडली होती. पण हा नुसता गढूळपणा कळला.

खरी मजा ओढ्यात. वाडीच्या वरच्या अंगाचा एक दगड उचला आणि पांढऱ्या टबात धुवा. दोन-तीन शेपट्यांचे चपटे किडे वळवळताना दिसले की समजा, पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. आता वाडीच्या खालचा, भांडी घासतात तिथला दगड घ्या. तिथे ते किडे नसतील आणि गाळात तांबड्या अळ्याच असतील, तर प्राणवायू घटलाय. आपल्या रक्तात असतं तसंच हिमोग्लोबिन त्या अळ्यांत असतं, म्हणून त्या तग धरतात. डासांच्या अळ्या मात्र मोजू नका. त्या नळीनं वरची हवा घेतात, त्यांना पाण्याचं काय! आणि ओढ्याची तुलना धरणाच्या साचलेल्या पाण्याशीही करू नका. (काठचा गाळ फसवा असतो, मोठं माणूस सोबत हवंच.)

पण जुलाबाचे जंतू किड्यांवरून कळत नाहीत. त्यासाठी एक छोटी बाटली मिळते, ग्रामपंचायतीत विचारा. तिच्यात पाणी भरून ठेवायचं. विष्ठेतले जंतू असले, तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं.

आम्ही वर्गाच्या खिडकीत दोन बाटल्या ठेवल्या : एक काचेसारख्या झऱ्याची, दुसरी हातपंपाच्या तांबूस पाण्याची. मुलांनी पैजा लावल्या. दुसऱ्या दिवशी काळी पडली ती झऱ्याची! त्या झऱ्यावर रोज हंडे भरले जात होते. संध्याकाळी मुलं ती बाटली घेऊन घरोघर गेली, पाणी उकळा म्हणून सांगायला.